पाया पडण्याचा व्यायाम

“आत्या, पुढं सरका.”

“सरकले की.”

“कुठं सरकलात? होता तिथंच आहात.”

“मग तूच सरक.”

हा संवाद आमच्या घरात रोज सकाळी व्हायचा आणि रोज नव्यानं व्हायचा, कारण आदल्या दिवशीचा आत्यांना आठवत नसे. मला मात्र सगळे आठवत. विसरण्याचा आजार त्यांना आणि न विसरण्याचा ताप मला, अशी आमची वाटणी झाली होती.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई साळुंखे. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, आत्याही राहिल्या नाहीत, पण ती खुर्ची आठवली की अजून माझं डोकं तापतं. त्यांचं मन तेव्हा हळूहळू पांगत चाललं होतं. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नातवंडांची नावं गेली, मग माझं नाव गेलं. त्यातच त्या न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून रॉड घातला. टाके काढताना डॉक्टरांनी माझ्या यजमानांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “हाड जुळेल. पण येत्या महिन्याभरात आई खुर्चीतून उठून चालायला लागल्या नाहीत, तर पुन्हा उठणार नाहीत. मग अंथरूण, मग पाठीला जखमा. पुढचं तुम्ही समजून घ्या.”

प्रतापराव समजले. समजून दुसऱ्या दिवशी कचेरीत गेले. आत्यांना उठवायचं काम माझ्याकडं आलं.

मी तेव्हा कराडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत शिवणकाम करत असे. लग्नसराई तोंडावर, ब्लाउजांचा ढीग पडलेला, बायका मापं द्यायला दारात, आणि मधल्या खोलीत आत्या खुर्चीत बसलेल्या. व्यायाम शिकवायला मुजावर मॅडम यायच्या. वयानं तरुण, अंगानं काडी, पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं उठूनच उभं राहावं. आत्या सोडून सगळे उभे राहायचे.

“सोपं आहे, वहिनी,” त्या मला म्हणायच्या. “खुर्चीच्या कडेला सरकायचं, पाय मागं घ्यायचे, अंग पुढं झुकवायचं आणि उठायचं. अंग पुढं झुकलं की बूड आपोआप सुटतं.”

सोपं होतं, पण ते आत्यांना कोण सांगणार? पुढं झुका म्हटलं की त्या मागं रेलायच्या. मी पुढं ओढायची, त्या मागं ताणायच्या. आमची ती रस्सीखेच बघून एकदा माप द्यायला आलेली बाई घाबरून परत गेली.

“ओढू नका,” मॅडम म्हणाल्या. “पडल्याची आठवण त्यांच्या डोक्यातून गेलीय, अंगातून गेलेली नाही. पुढं गेलं की पडणार, असं अंगाला वाटतंय.”

“मग सांगू तरी किती? पालथ्या घड्यावर पाणी सगळं.”

“सांगितलेलं त्यांच्याजवळ राहणार नाही. केलेलं राहील. रोज तीच खुर्ची, तीच पद्धत, तेच शब्द. एकदा अंगात भिनलं की डोक्याला विचारावं लागत नाही.”

“आणि चुकलं तर?”

“तर चूक भिनते. म्हणून चुकू द्यायचं नाही.” मॅडम जाता जाता वळून म्हणाल्या, “आणि वहिनी, चिडून बोलाल तर तेही भिनतं बरं का.”

“भिनू दे,” मी म्हणाले. “या घरात मी एकटीनंच किती भिनवून घ्यायचं?”

प्रतापराव संध्याकाळी घरी येऊन उंटावरून शेळ्या हाकत. “हेमा, जरा गोडीनं घे. आई आता लहान मुलासारखी झालीय.”

“लहान मूल कडेवर घेता येतं. घ्या बघू तुम्ही.”

त्यावर ते हात धुवायला जात.

महिना निम्मा सरला. आत्या दोघांनी धरल्याशिवाय उठत नव्हत्या, आणि मला धरायला दुसरं माणूस नव्हतं. माझी कंबर गेली. न्हाणीत न्यायला उशीर झाला की खुर्ची ओली व्हायची, मग ती धुवायची, मग ब्लाउजाला उशीर, मग बाईची बोलणी. आगीतून फुफाट्यात.

एके दिवशी सकाळी मी त्यांचा चहा टेबलावर ठेवून म्हणाले, “आत्या, उठा. चहा टेबलावर आहे.” त्या मागं रेलल्या. मी पुन्हा म्हणाले. त्या आणखी रेलल्या आणि हसल्या. पुढच्या खोलीत नवरीची आई ब्लाउजासाठी ताटकळत बसली होती. माझा संयम संपला. गळ्यात टेप, तोंडात टाचणी, ती काढून मी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि ओरडले, “काय दिवसभर बसूनच राहायचा विचार आहे का? कामं काय शेजारीण येऊन करणार आहे?”

आत्या दचकल्या. त्यांचं हसू मावळलं. हात एकदम खांद्याकडं गेला, पदर शोधायला. ऑपरेशनपासून त्यांना आम्ही गाऊन घालत होतो, गाऊनला पदर कुठला? खुर्चीच्या पाठीवर टॉवेल होता. तो त्यांनी ओढला, डोक्यावरून घेतला, दोन्ही टोकं दोन्ही हातांत धरली. खुर्चीच्या कडेला सरकल्या. पाय मागं गेले. “पाया पडती, आत्याबाई,” म्हणाल्या आणि माझ्या पायांकडं वाकल्या.

त्यांचं बूड खुर्चीतून सुटलं होतं.

मी धावून त्यांचे हात वरच्या वर धरले. आत्या दोन पायांवर उभ्या होत्या, एकट्या, फक्त वाकलेल्या. मला वाटलं आता सरळ होतील. झाल्या नाहीत. मग माझ्या लक्षात आलं. साळुंख्यांच्या घरातली शिस्त होती ती: सुनेनं पाया पडल्यावर सासू काहीतरी बोलेपर्यंत मान वर करायची नाही. ही शिस्त मला दुसऱ्या कुणी नाही, आत्यांनीच लावली होती. सणावाराला मी अशीच वाकून राहायची. आत्या खिडकीकडं बघत “हं, झालं” म्हणायच्या आणि मी उठायची. आशीर्वादाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हा नाही, घर बांधलं तेव्हाही नाही.

आणि आता त्या माझ्यापुढं वाकून थांबल्या होत्या, चहा गार होत होता आणि नवरीची आई खोकत होती.

“सुखी राहा!” मी म्हणाले. “आणि आता उभी राहा, चहा गार होतोय.”

सासूला मी पहिल्यांदाच एकेरी बोलले. आत्या सरळ झाल्या. त्यांचे हात मी वॉकरच्या दांड्यांवर ठेवले. त्या टेबलापर्यंत चालत गेल्या आणि बशीत चहा ओतून प्यायल्या.

मुजावर मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी करून दाखवायला लावलं. मी कमरेवर हात ठेवून ओरडले. टॉवेल, पदर, पाया पडती, आशीर्वाद, चहा. आत्या उभ्या. मॅडमनी टाळी वाजवली. “मी चार महिने शिकवलं असतं तरी एवढं सुरेख वाकल्या नसत्या. जन्मभर केलंय हे त्यांनी. आता यात काडीचा बदल करायचा नाही. फक्त जमिनीपर्यंत वाकू देऊ नका, हात वरच्या वर धरा. बाकी टॉवेल तोच, ओरडणं तेच, आशीर्वाद तोच.”

“आणि चहा?”

“चहासकट.”

सासूवर ओरडायला डॉक्टरी सल्ल्यानं मुभा मिळालेली मी त्या गावातली एकटीच सून असेन. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? नंतर त्याचाही वैताग आला. खरा राग आलेला असताना ओरडणं सोपं. पण सकाळी देवाला फूल वाहून, मन शांत करून यावं आणि लगेच कमरेवर हात ठेवून हुकमी खेकसावं, हे काय काम आहे? जेवायच्या आधी खेकसायचं, न्हाणीत जायच्या आधी खेकसायचं. घशाला कोरड पडायची. आत्या मात्र दिवसागणिक चपळ होत होत्या.

प्रतापरावांनी एका रविवारी हे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. “हेमा, आई तुझ्या पाया पडते? मोठ्यानं लहानाच्या पाया पडू नये. लहानाचं आयुष्य कमी होतं.”

“माझं कमी होईल. तुमचं तर नाही ना?”

“तसं नाही, पण शोभतं का?”

“खुर्चीत ओलं होऊन बसणं शोभतं का?”

त्यावर ते पुन्हा हात धुवायला गेले. पण बघणारे ते एकटे नव्हते. निकमबाई ब्लाउज घ्यायला आल्या आणि पडदा उडाला तेवढ्यात त्यांनी नेमकं आत बघितलं. कमरेवर हात ठेवलेली सून, डोक्यावरून पदर घेऊन वाकलेली म्हातारी. ब्लाउज न बघताच त्या गेल्या, तेव्हाच मला शंका आली. त्यांची बहीण इस्लामपूरला माझ्या नणंदेच्या शेजारी राहते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी रत्नप्रभावन्सं पिशवी घेऊन दारात. चप्पलही धड काढली नाही.

“वहिनी, मी ऐकलं ते खरं आहे का? माझ्या आईला तुम्ही पाया पडायला लावता?”

“व्यायाम आहे तो, वन्सं.”

“पाया पडण्याचा व्यायाम? कुठल्या डॉक्टरनं काढला हा?”

“तुमच्या आईनंच काढला. मी फक्त आशीर्वाद देते.”

“चेष्टा करू नका!” वन्संचे डोळे भरून आले. “आई कडक होती, मला ठाऊक आहे. तुम्हाला बोलली असेल. पण तिला आता कळत नाही म्हणून इतक्या वर्षांचा सूड उगवायचा? तिच्याकडून पाय धरून घ्यायचे?”

हे मला लागलं. इतके दिवस कंबर मोडून, घसा फोडून, कपडे बदलून, खुर्ची धुऊन शेवटी पदरात काय, तर सूड. समजावून सांगायची माझी इच्छाच गेली.

“बरं,” मी म्हणाले. “आलाच आहात तर तुम्हीच उठवा आईला. गोडीनं, तुमच्या पद्धतीनं. मला शिवण आहे.”

मी मशीनवर जाऊन बसले. पायडल जोरजोरात मारलं, म्हणजे मागचं ऐकू येऊ नये. तरी येत होतं. “आई, मी रत्ना. ऊठ ना गं.” “आई, पुढं हो.” “आई, माझा हात धर.” मग खुर्चीचा करकर आवाज. मग आत्यांची किंकाळी. संध्याकाळी प्रतापराव आले, तेव्हा दोघा बहीण-भावांनी काखेत हात घालून त्यांना न्हाणीत नेलं. जाईपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आत्या अशा मागं रेलल्या की खुर्चीच कलंडली, वन्संनी पाठ लावून सावरली म्हणून दुसरा खुबा वाचला. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वन्संनी ओरडूनही बघितलं असावं, पण लेकीच्या ओरडण्याला आत्या कशाला भितात? उलट त्यांनीच लेकीला झापलं.

मी ब्लाउजाला हूक लावत होते. महिना संपत आला होता, हे मला शिवता शिवता सारखं आठवत होतं. त्या अंथरुणाला खिळल्या तर वन्सं चार दिवसांनी इस्लामपूरला जाणार आणि मी इथंच राहणार, हेही आठवत होतं. पण उठून जायला पाय तयार नव्हते. सूड म्हणाल्या ना? मग बसा.

पडदा सरला. वन्सं उभ्या होत्या, एक हात स्वतःच्या पाठीवर.

“वहिनी,” त्या जमिनीकडं बघत म्हणाल्या, “तिला आत न्यायचंय. तेवढं जरा या.”

मी गेले. आत्यांपुढं उभी राहिले, टॉवेल खुर्चीवर टाकला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, “काय दिवसभर बसूनच राहायचा विचार आहे का? कामं काय शेजारीण येऊन करणार आहे?”

वन्सं दचकून माझ्याकडं बघायला लागल्या.

आत्यांनी टॉवेल डोक्यावरून घेतला. कडेला सरकल्या, पाय मागं घेतले. “पाया पडती, आत्याबाई.” तीन दिवस दोन माणसांना न उठलेली बाई एका झटक्यात उठून वाकली. मी हात धरले.

आणि तोंड मिटून उभी राहिले. वन्संच्या देखत मी आशीर्वाद देणार नव्हते. परत म्हणायच्या, वहिनी देवी होऊन बसली. म्हटलं, आज आशीर्वादाशिवायच सरळ होऊ दे.

आत्या सरळ होईनात. वाकून राहिल्या. बराच वेळ गेला. मग टॉवेलाच्या आतून, मान वर न करता, त्या बारीक आवाजात म्हणाल्या, “आत्याबाई, माझं काय चुकलं का?”

हा प्रश्न माझा होता. लग्न झाल्यापासून दर सणाला त्या घरात वाकून मी तो मनातल्या मनात विचारत होते आणि वरून “हं, झालं” ऐकून गिळत होते. तो मी कधी कुणापुढं उच्चारला नव्हता. आता तो आत्यांच्या तोंडून आला, माझ्याही लग्नाच्या आधीचा.

“ते वाक्य तुम्ही कुठं ऐकलंत, वहिनी?” वन्संनी विचारलं. “शेजारणीचं?”

“तुमच्या आईचंच आहे. मी नवी आले तेव्हा मला म्हणाल्या होत्या.”

“ते आजीचं आहे.” वन्सं हळू आवाजात बोलत होत्या. “आजी आईला असंच म्हणायची. आई पाया पडायला वाकायची आणि आजी सुपातलं धान्य निवडत बसायची. बोलायचीच नाही. मी उंबऱ्यात बसून बघायची. आई वाकलेलीच असायची.”

आत्या अजून वाकलेल्याच होत्या. म्हाताऱ्या बाईला किती वेळ ताटकळत ठेवायचं?

“नाही गं,” मी म्हणाले. “काही चुकलं नाही तुझं. काही म्हणजे काही चुकलं नाही. सुखी राहा. आणि आता उभी राहा, चहा गार होतोय.”

आत्या सरळ झाल्या. त्यांनी वॉकर धरला, न्हाणीत जाऊन आल्या आणि येऊन टेबलाशी बसल्या. बसून चहाची वाट बघायला लागल्या.

“चहा कुठाय?” वन्सं म्हणाल्या.

“केलेलाच नाही. ते म्हणायचं असतं नुसतं.”

“असं कसं नुसतं?” वन्संनी डोळे पुसले आणि आत गेल्या. “आलं कुठं ठेवता, वहिनी?”

डॉक्टरांची मुदत संपली त्या दिवशी आत्या त्यांच्यापुढं चालत गेल्या. डॉक्टर म्हणाले छान, प्रतापराव म्हणाले, आम्ही फार मेहनत घेतली. पुढं काही वर्षं आत्या घरभर वॉकर घेऊन हिंडल्या. अंथरूण त्यांनी धरलं ते अगदी शेवटच्या आठवड्यात. वन्सं महिन्यातून एकदा येत, येताना माझ्यासाठी घशाच्या गोळ्या आणत. निकमबाईंनी ब्लाउज टाकणं बंद केलं ते केलंच.

पण मला सांगायची आहे ती सकाळ त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आली. आत्या तोवर खूपच लांब गेल्या होत्या. मी सासू, सून की भांडीवाली, कशाचाच पत्ता नव्हता. उठणं मात्र तेवढं जाग्यावर होतं. मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसून त्यांच्या चपलेचा पट्टा लावत होते. पट्टा चिकटत नव्हता. दूध गॅसवर होतं, मशीनमध्ये बॉबिन अडकली होती, त्यात डोक्यावर जड काहीतरी पडलं. आत्यांनी हात टेकला होता.

“आत्या, माझं डोकं धरू नका,” मी करवादले. “दांडी धरा. दांडी समोर आहे.”

हात निघेना. उलट केसांवरून जरासा फिरला.

“सुखी ऱ्हा,” आत्या म्हणाल्या. “आन् आता हुबी ऱ्हा, च्या गार हुतोय.”

सूर अगदी माझा होता. तोच वैताग, तीच घाई, ‘आता’वरचा तोच ठसका. मॅडम म्हणाल्या होत्या, चिडून बोलाल तर तेही भिनतं. माझंच मला परत आलं होतं, त्यात त्यांचं स्वतःचं काही नसेल, एवढं मला कळत होतं. आत दूध उतू गेल्याचा वास येत होता. तरी मी मान खाली घालून तशीच बसून राहिले, पुन्हा म्हणतात का बघावं म्हणून.

“ऊठ की गं,” आत्या म्हणाल्या.

मी उठले. टेबलावरचा चहा खरोखरच गार झाला होता.